एक मैल गवत

सेल्फ-प्रोपेल्ड या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला यंदा एप्रिलमध्ये पडला. शब्दकोशातला शब्द 'स्वयंचलित'. तोच मी फोनवर धाकट्या नणंदेला सांगितला, तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे वहिनी, तुम्ही दोघं घरात चहा पीत बसणार आणि ते मशीन बाहेर एकटंच गवत कापत हिंडणार?"

छे हो! तसलंही मिळतं, पण आम्ही घेतलं ते तसलं नाही. आमच्या मशीनच्या मागे चालावं लागतं. त्याची चाकं मोटरवर फिरतात, पातं मोटरवर फिरतं, पण दांडा धरून कुणीतरी मागून चालत राहिलं तरच. हात सोडला की थांबलं. म्हणजे ढकलायचे कष्ट त्याचे आणि चालायचे आपले.

या एका वाक्यापर्यंत पोचायला आम्हाला चांगले दोन महिने लागले. बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं, त्याचं कारणही त्यातच आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, ब्लॉगवरच्या बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याची बायपास झाली. छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं, त्यामुळे सुरुवातीचे दोन-अडीच महिने दहा पौंडांपेक्षा जास्त काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. इथला दुधाचा एक गॅलनचा कॅन साडेआठ पौंडांच्या वर भरतो. म्हणजे माणसाची सगळी ताकद एका दुधाच्या कॅनपाशी येऊन थांबलेली. बर्फ उपसायला शेजारचा कॉलेजातला मुलगा यायचा आणि हा खिडकीतून त्याला खुणेनं सांगायचा, इथलं राहिलं, तिथलं राहिलं. जानेवारीपासून आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलातला व्यायाम सुरू झाला, बारा आठवडे, एकूण छत्तीस वेळा. ट्रेडमिल, सायकल, छातीला वायरी आणि समोर पडद्यावर लक्ष ठेवणारी नर्स. मार्चअखेर तो ताशी अडीच मैलांच्या चालीनं आरामात मैलभर चालायला लागला. शेवटच्या दिवशी त्याला एक प्रमाणपत्र दिलं, ते फ्रिजवर लावलंय.

आणि मग एप्रिल आला. ओहायोत एप्रिल आला की गवत येतं.

भारतातल्या मंडळींना हे गवतप्रकरण समजावणं अवघड आहे. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी आठवडाभर निरीक्षण केलं आणि विचारलं, "दारात गुरं नाहीत, मग एवढं गवत वाढवता कशाला? आणि वाढवायचंच तर कापून टाकता कशाला?" या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. पण नियम असा की गवत ठराविक उंचीपेक्षा वाढलं की गावाची नोटीस येते, आणि तरीही कापलं नाही तर ते माणूस पाठवून कापून घेतात आणि बिल आपल्याला. आमचा प्लॉट म्हणजे आपल्या हिशोबानं अकरा गुंठे. त्यातलं घर, गाडीचा रस्ता, झाडं, वाफे सोडले तर सात-साडेसात गुंठे, म्हणजे आठ हजार चौरस फूट निव्वळ गवत. मे महिन्यात ते आठवड्यातून दोनदा कापायला येतं. कारण एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटायचं नाही हा इथला पाठ. गवत तीन-साडेतीन इंच उंच ठेवायचं, मग मुळं खोल जातात आणि तण कमी माजतं.

हे सगळं एकोणीस वर्षं नवऱ्यानं केलं. आमचं जुनं मशीन साधं, पेट्रोलचं, दोरी ओढून चालू करायचं आणि सगळ्या अंगानं ढकलायचं. याला जिमचा कंटाळा, पोहणं येत नाही, गोल्फ खेळत नाही. शनिवारी सकाळी कानात नाट्यसंगीत लावून गवत कापणं हाच त्याचा व्यायाम, हीच करमणूक, आणि माझ्या मते हीच त्याची पूजा. कापून झाल्यावर पायरीवर बसून दहा मिनिटं नुसता बघत बसायचा.

मुलाचा शिकागोहून फोन आला. "बाबा, लॉन सर्व्हिस लावून टाका ना. एका खेपेचे पन्नास डॉलर. मी देतो हवं तर."

"प्रश्न पन्नास डॉलर्सचा नाही," एवढंच बोलून यानं फोन माझ्याकडे दिला.

मला विचाराल तर मला मुलाचं म्हणणं पटलं होतं. नोव्हेंबरमधली ती रात्र मी पाहिली होती. गवत काय, कुणीही कापेल. शेजारी कुणी मोअरची दोरी खर्रकन ओढली की माझ्याच छातीत धस्स व्हायचं. पण त्या रात्री जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता हा म्हणाला, "सगळंच बंद करायचं असेल तर मग ऑपरेशन कशाला करून घेतलं?" रागानं नाही, अगदी साधेपणानं विचारलं. मी नळ सोडून भांडी घासत राहिले.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं, गवत कापलं तर चालेल का? त्यांनी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, चालणं उत्तम आहे, जितकं होईल तितकं चालू दे. पण झटका देऊन काही ओढायचं नाही, जड वस्तू चढावर रेटायची नाही, भर उन्हात जायचं नाही. आणि चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं.

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाई गवताबद्दल बोललेल्याच नाहीत. त्यांनी फक्त काम सुटं करून दाखवलं : ओढणं वेगळं, ढकलणं वेगळं, चालणं वेगळं. इतकी वर्षं आम्ही सगळ्याला मिळून 'गवत कापणं' म्हणत होतो.

घरी येऊन मी कागद घेतला. मशीनची रुंदी २१ इंच. दोन पट्ट्यांमध्ये थोडं गवत राहू नये म्हणून पट्टे एकमेकांवर चढवायचे, म्हणजे खरी कापणी दर पट्ट्याला १८ इंच, दीड फूट. आठ हजार भागिले दीड, पाच हजार तीनशे तेहतीस फूट. एक मैल म्हणजे पाच हजार दोनशे ऐंशी! आमचं सगळं अंगण कापायचं म्हणजे बरोबर एक मैल चालायचं. हॉस्पिटलातल्या ट्रेडमिलवर चालत होता तेवढंच. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं गणित तपासलं (इंजिनिअर!), वळणं धरून थोडं जास्त होईल असं म्हणाला, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा काहीतरी विकत घ्यायच्या गोष्टीत त्याला रस वाटलेला मला दिसला.

तिथून आमची पसंती सोपी झाली. शेजारचे आजोबा बसून चालवायचं मशीन घ्या म्हणत होते. त्यात ढकलणं जातं, पण चालणंही जातं. मुलानं रोबो सुचवला. तो तर आपल्याला घरातच बसवतो, नणंद म्हणत होती तसं. आम्हाला चालणं तेवढं ठेवून बाकीचं काढून टाकायचं होतं. आणि मी माझी एक अट घातली : जे घेऊ ते मलाही चालवता आलं पाहिजे. मी या घरात एकोणीस वर्षांत एकदाही गवत कापलेलं नाही, उंची पाच फूट एक इंच, आणि बोटांचे सांधे सकाळी कुरकुरतात. "दोघांचं मशीन," मी म्हटलं. त्यानं ते निमूट मान्य केलं, यावरून काय ते समजा.

मग तीन शनिवार आम्ही दुकानं पालथी घातली. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून जे शिकलो ते लिहिते.

पहिली गोष्ट, कुठली चाकं ओढतात. पुढची ओढणारी मशीनं स्वस्त असतात आणि सपाट, वळणावळणाच्या अंगणाला चांगली. दांडा जरा खाली दाबला की पुढची चाकं उचलली जातात आणि मशीन सहज वळतं. पण चढावर वजन मागे सरकतं, मागची पिशवी गवतानं भरली तर आणखीच, आणि पुढची चाकं नुसती फिरत राहतात. मग उरलेलं ढकलायचं आपणच. आमचं मागचं अंगण ओढ्याकडे उतरतं, म्हणून मागची चाकं ओढणारंच हवं होतं. चारही चाकांचंही असतं, पण ते महाग आणि जड.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि आमच्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची. साध्या मशीनला एकच वेग, बहुतेक ताशी तीन मैलांच्या आसपास. तो खटका दाबला की ते निघालं, आणि तुम्ही त्याच्यामागे. तरण्याताठ्या माणसाला ठीक आहे. याच्या बाबतीत मला डोळ्यांपुढे दिसलं ते असं, की मशीन पुढे ओढतंय आणि हा धापा टाकत मागून जातोय. दुसऱ्या प्रकारात वेग कमीजास्त करता येतो. आणि तिसऱ्यात दांडाच थोडा पुढे-मागे सरकतो; आपण भरभर चाललो की तो दाबला जाऊन मशीन भरभर चालतं, आपण रेंगाळलो की तेही रेंगाळतं. टोरो कंपनीचं या पद्धतीचं मशीन बरंच प्रसिद्ध आहे. मला ही कल्पना फार आवडली. चांगल्या सोबत्यासारखी, चाल न सांगता ओळखणारी.

तिसरी गोष्ट हाताची. दांड्यालगत एक दांडी असते, ती धरून ठेवली तरच पातं फिरतं. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे, हात सुटला की तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. फार चांगला नियम, पण त्याचा अर्थ असा की पाऊण तास ती दांडी मुठीत आवळून ठेवायची, आणि काही मशीनांत चाकांचा खटकाही सोबत. दुकानात मी प्रत्येक मशीनची दांडी पाच पाच मिनिटं धरून उभी राहत होते. विक्रेता मुलगा आधी हसला, मग त्यानं खुर्ची आणून दिली. दोन मशीनं निव्वळ माझ्या बोटांनी बाद केली.

चौथी, मागे ओढून बघणं. आम्ही पाहिली ती मशीनं पुढेच स्वतः चालत होती. मागे घ्यायची तर आपल्यालाच ओढायची. आणि मोटर, गिअर, बॅटरी यांमुळे ती साध्या मशीनपेक्षा जडच असतात, तीस-चाळीस किलोंची. काहींची मागची चाकं तर मागे ओढताना अडकल्यासारखी होतात. आधी जरा पुढे ढकलून मोकळी करावी लागतात. तेव्हा दुकानात नुसतं पुढे चालवून बघू नका, मागे ओढून बघा.

पाचवा प्रश्न पेट्रोल की बॅटरी. पेट्रोलच्या मशीनला ताकद भरपूर आणि टाकी भरली की पुन्हा तयार. पण त्याचं तेल बदला, प्लग बदला, आणि हिवाळ्यात पेट्रोल तसंच राहिलं तर कार्ब्युरेटर चिकट होतो, मग वसंतात दोरी ओढत बसा. तेच तर नको होतं. बटणानं चालू होणारी पेट्रोलची मशीनं असतात, तीही पाहिली. तसं वारंही बदलतंय. कॅलिफोर्नियानं २०२४ पासून बनणाऱ्या पेट्रोलच्या नव्या मोअरची विक्री थांबवली आहे. बॅटरीचं मात्र खोक्यावर लिहिलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नये. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून बघावं. ५६ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २८० वॉट-अवर, आणि ४० व्होल्टची साडेसातची म्हणजे ३००. लहान आकड्याच्या बॅटरीत साठा जास्त! शिवाय चाकंही त्याच बॅटरीवर फिरतात, आणि गवत ओलं किंवा उंच असेल तर ती लवकर संपते. हिवाळ्यात बॅटरी गॅरेजमध्ये गारठू न देता घरात ठेवायची.

शेवटी घेतलं ते बॅटरीचं, मागची चाकं ओढणारं, वेग बदलता येणारं, २१ इंची. किल्ली लावायची, बटण दाबायचं, दांडी धरायची. दोरी नाही. सहाशेच्या थोडं वर गेलं. किमतीवर यानं एकदा सुस्कारा सोडला, पण बारा खेपांच्या लॉन सर्व्हिसचे तेवढेच होतात म्हटल्यावर गप्प बसला.

मशीन घेऊन सगळं सुटत नाही, हेही सांगायला हवं. ओढ्यालगतची शेवटची आठ-दहा फुटांची पट्टी फार उतरती आहे. चालत कापायचं मशीन उतारावर आडवं चालवायचं असतं. वर-खाली चालवलं आणि पाय घसरला तर तो थेट पात्याकडे जातो. ती पट्टी इतकी तिरपी की आडवं चालतानाही मशीन सावरावं लागतं, आणि ते सावरणं म्हणजे पुन्हा छातीवर जोर. "ती आता कापायची नाही," मी म्हटलं. यावर आमचं चांगलं दोन दिवस वाजलं. एकोणीस वर्षं कापलेली पट्टी सोडणं त्याला सोपं नव्हतं. मग तिथे इथलीच रानटी झाडं लावायचं ठरलं, जांभळ्या पाकळ्यांची कोनफ्लॉवर वगैरे, ज्यांना कापावं लागत नाही. शेडच्या मागचा कोपराही आम्ही गोल करून टाकला, साल-भुसा पसरून. मशीन मागे ओढायची जागाच ठेवली नाही. आठ हजार फुटांचं सात हजारांच्या आसपास आलं असेल. मैल थोडा आखूड झाला.

या सगळ्या शोधाशोधीत मोअरचा इतिहासही वाचनात आला. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं १८३० मध्ये याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरायच्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला हे सुचलं होतं. पेटंटात त्यानं लिहून ठेवलंय की गावाकडच्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवून पाहावं, त्यांना मजेचा, उपयोगाचा आणि प्रकृतीला चांगला व्यायाम होईल. नवऱ्याला हे वाचून दाखवल्यावर त्यानं ते मुलाला ताबडतोब फोन करून सांगितलं! त्या यंत्राला पुढच्या बाजूलाही एक दांडा लावता यायचा म्हणे. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं पुढून ओढायचं. पहिल्याच मशीनला दोन माणसांची सोय होती तर.

आता आमचं कसं चालतं ते सांगते. शनिवारची सकाळ, ऊन चढायच्या आत. पुढचं अंगण माझं, मागचं त्याचं. पहिल्या दिवशी माझे पट्टे असे वाकडेतिकडे गेले की त्यानं नजर दुसरीकडे वळवली, पण बोलला नाही. कापलेलं गवत पिशवीत न भरता तिथेच बारीक होऊन पडू देतो, त्याचंच खत होतं आणि पिशवी उचलायची भानगड नाही. बॅटरीच्या मशीनचा आवाज कमी, त्यामुळे तो मागे कापत असला की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठ्यानं काहीतरी विचारते. काहीही. दही विरजलंय का, अमक्याचा फोन आला होता का. त्याला ठाऊक आहे मी का विचारते ते. तो चालता चालता पूर्ण वाक्यात उत्तर देतो. वाक्य पूर्ण झालं की मी खिडकीतून हलते.

कधीतरी तोही दिवस येणार की हे मशीनसुद्धा जड होईल, आणि मग ती पन्नास डॉलरवाली माणसं येतील. त्याला ते कळतं, मलाही कळतं. पण तो दिवस या एप्रिलमध्ये आला नाही. येईल तेव्हा तीही पट्टी सोडू, ओढ्याकडची सोडली तशी. तोवर दर शनिवारी एक मैल, दोघांत मिळून.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कुणाला सापडलं तर जरूर कळवा. आणि तुमच्यापैकी कुणी यंदा मोअर घ्यायला जाणार असाल, तर दुकानात तो मागे ओढून बघायला विसरू नका.